जुलैत गळ्यात अध्यक्षपदाची कॉलर पडणार, आता काय करू?

प्रश्न : ताई, येत्या १ जुलैपासून मी आमच्या रोटरी क्लबचा अध्यक्ष होतोय. तालुक्याचं गाव आहे. कागदावर ३४ मेंबर, मीटिंगला जास्तीत जास्त बारा, त्यातले चार जेवणाच्या वेळेला उगवतात. रोटरी डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आसपासच्या क्लबांच्या गटाच्या, ट्रेनिंगला गेलो तर जो तो एकच सांगतो, मेंबर वाढवा. आणि आमच्याकडे दोन माजी अध्यक्ष एकमेकांशी बोलत नाहीत, एकाला स्टेजवर बोलावलं की दुसरा चप्पल शोधायला लागतो. सुरुवात कुठून करू?
— होऊ घातलेला अध्यक्ष, सांगली जिल्हा

उत्तर : अहो, मेंबर वाढवायचं राहू द्या, आधी ३४ वजा १२ करा. ते जे बावीस जण येत नाहीत त्यांची यादी काढा आणि एकेकाच्या दुकानात, दवाखान्यात, जिथे असेल तिथे जाऊन चहा प्या. फोन नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच, तिथे सगळे 🙏 टाकतात आणि विषय संपतो.

आमच्या क्लबात एक हार्डवेअरवाले होते, आठ महिने फिरकले नाहीत, आम्ही ठरवून टाकलं की यांना इंटरेस्ट नाही. मी गेले तर म्हणाले, "मॅडम, मीटिंग साडेसातला आणि माझं शटर साडेआठला पडतं, मी यायचं कसं?" चार वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं! मग आम्ही महिन्यातली एक मीटिंग रविवारी सकाळी आठला नाश्त्यावर घेतली, रोटरीने २०१६ पासून नियम बरेच सैल केलेत, महिन्यात दोन मीटिंग झाल्या की पुरे, कशा आणि कधी ते क्लबने ठरवायचं, पण आपल्याकडे अजून "आमचा वार गुरुवार" म्हणून अडून बसतात. तर हे गृहस्थ आले, आणि आमचं रुग्णसाहित्य केंद्र आहे ना, वॉकर, कमोड चेअर, फाउलर बेड डिपॉझिटवर देतो आम्ही, ते त्यांना दाखवलं. सात वॉकर नुसते पायाचं रबरी बूच गेलं म्हणून कोपऱ्यात पडलेले. फाउलर बेड होता पण डोकं वर करायचा हँडलच गायब, कोणीतरी बेड परत आणला आणि हँडल घरी राहिलं. त्यांनी खिशातून टेप काढला, बुचाचं माप घेतलं, दोन दिवसांत सातही वॉकर उभे. हँडलला दोरी बांधून ती बेडलाच अडकवली, आता हरवत नाही. रजिस्टरमध्ये "परत आलं" या रकान्याशेजारी "काय कमी आहे" असा एक रकाना पेनने आखला. तेव्हापासून ते मीटिंग चुकवत नाहीत, कारण तिथे त्यांचं काम असतं. आम्ही इतकी वर्षं त्यांच्याकडून फक्त ड्यूज, म्हणजे वर्गणी, आणि टाळ्या मागत होतो.

आता माझी चूक पण सांगते. माझ्या वर्षी आकडा दिसावा म्हणून मे महिन्यात सहा मेंबर घेतले. त्यात एक माझा भाचा आणि दोघे मिस्टरांना माल देणारे, ते नाही कसं म्हणणार? रोटरीची पिन लावली, फोटो काढला, डिस्ट्रिक्टमध्ये कौतुक झालं. पण रोटरी इंटरनॅशनलचं, म्हणजे जागतिक संघटनेचं, बिल १ जुलै आणि १ जानेवारीला रेकॉर्डवर जितके मेंबर असतील तितक्यांचं येतं, म्हणजे माझ्या कौतुकाचं बिल माझ्यानंतरच्या अध्यक्षाने भरलं. डिसेंबरपर्यंत सहातले पाच गेले. भाचा राहिला, तोही बिचारा मामीच्या धाकाने.

नवे मेंबर घ्यायचेच असतील तर रोटरीची शिकागोतली १९०५ ची पहिली मीटिंग आठवा. रोटरी सुरू करणारे पॉल हॅरिस वकील, बाकी तिघांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाणकामाचा इंजिनिअर आणि एक शिंपी. पुढे ते आळीपाळीने, म्हणजे रोटेशनने, एकमेकांच्या ऑफिसात भेटायचे, रोटरी हे नाव त्यावरूनच पडलं. आपल्या किती क्लबात शिंपी आहे सांगा बरं? आपल्याकडे डॉक्टर, बिल्डर, सीए आणि परत डॉक्टर. म्हणून हॉटेलचा एसी हॉल महिन्यातून एकदा सोडा आणि मीटिंग एखाद्या मेंबरच्या दालमिलमध्ये, नर्सरीत, पॅथॉलॉजी लॅबमध्ये घ्या. हॉलचं भाडं वाचतं हा वरचा फायदा, खरा फायदा म्हणजे तिथले शेजारी डोकावतात, "काय चाललंय" विचारतात. आमच्याकडे एक वेल्डिंगवाले तसेच आले. फी एकदम जमत नव्हती, चार हप्ते करून दिले, काय बिघडलं?

दोन माजी अध्यक्षांचं भांडण मिटवायला जाऊ नका, तुमचं वर्ष त्यातच जाईल. दोघांना वेगवेगळी, पण खरीखुरी कामं द्या, "मार्गदर्शक" वगैरे नको, त्या पदाने माणूस आणखी चिडतो. एकाकडे शाळांचं हँडवॉश स्टेशन, एकाकडे रक्तदान. आणि मुख्य म्हणजे मागच्या अध्यक्षाचा चालू असलेला प्रोजेक्ट बंद करून स्वतःच्या नावाचा नवा काढू नका, हा रोग आपल्याकडे फार. दर जुलैला नवा बॅनर, नवं उद्घाटन, आणि मागच्या वर्षी लावलेली झाडं पाण्यावाचून वाळतात. रोटरीने जगभरचा पोलिओ संपवायचं काम १९८५ ला अंगावर घेतलं, भारतातली शेवटची केस जानेवारी २०११ ची, मधे २५-२६ वर्षं. अध्यक्ष दर वर्षी बदलतो, म्हणजे तेवढ्या काळात एकेका क्लबात २५-२६ अध्यक्ष होऊन गेले, आणि प्रत्येकाने "माझ्या वर्षी काहीतरी वेगळं" म्हटलं असतं तर बूथवर डोस पाजायला कोण बसलं असतं?

प्रश्न : ताई, मी रोटरॅक्टमध्ये, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबात आहे, वय २९. मोठ्या क्लबच्या कार्यक्रमाला आम्हाला बोलावतात ते खुर्च्या लावायला आणि गेटवर गुलाबपाणी शिंपडायला. निर्णयात कुठेच नाही. तिशी आली, आता आपोआप बाहेर पडायचं का?
— खुर्चीवाली, नाशिक

उत्तर : अगं, तिशीला बाहेर हा नियम २०२० पासून गेला, तुझ्या सीनियरांना बहुतेक कोणी सांगितलं नसेल. खुर्च्यांचं म्हणशील तर पुढच्या वेळी हो म्हण, पण सोबत एक वाक्य जोड, "सर, कार्यक्रमाच्या बजेट मीटिंगला आमचे दोघं बसतील." पहिल्यांदा हसतील. दुसऱ्यांदा खुर्च्या लावायला माणसं कमी पडली की बसवतील 😄 आणि बसलीस की गप्प राहू नकोस, हारतुरे, शाली आणि मोमेंटोचा खर्च मोठ्याने वाचून दाखव, एवढं केलंस तरी मीटिंगला जाग येते.

प्रश्न : मी रोटेरियनची पत्नी, म्हणजे 'ॲन'. आरोग्य शिबिराची नावनोंदणी, डबे, हिशोब सगळं मी करते, मेंबर हे. मीही मेंबर व्हावं का? हे म्हणतात एका घरात दोन ड्यूज कशाला.
— सौ., कोल्हापूर

उत्तर : वहिनी, कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबने बायकांना मेंबर केलं म्हणून त्या क्लबला १९७८ मध्ये रोटरीतून काढलं होतं, तो क्लब आणि त्यातल्या बायका कोर्टात गेल्या, प्रकरण पार अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, १९८७ ला ते जिंकले आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरचा नियम बदलला. तुम्हाला फक्त स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत जायचंय. फॉर्म भरा. आणि ड्यूज एकच परवडत असतील तर काम कोण करतं ते बघून कोणाचे भरायचे ते ठरवा, शिबिराचा हिशोब तुमच्याच वहीत आहे ना?