एकच मॉस तीन जागी तीन रूपांत कसं दिसतं?

तुम्ही विचारलंय की डोंगर चढताना झाडाच्या खोडावर, चुनखडीच्या दगडावर आणि माथ्याजवळच्या खडकावर तीन वेगळी मॉस (शेवाळासारख्या छोट्या हिरव्या वनस्पती) दिसली, पण जाणकाराने तिन्हींना हिप्नम क्युप्रेसिफॉर्मे हेच नाव दिलं. हे खरं असू शकतं का?

हो, असू शकतं. हे मॉस इतकी रूपं पालटतं की रंग, जाडी आणि लांबी या तीन गोष्टी मी ओळखीसाठी वापरायच्या सोडून दिल्या आहेत. सुरुवातीला मी एकाच मोठ्या शिळेवरून दोन पुड्या भरून आणल्या होत्या. एक वरच्या उन्हातली, जाडजूड, सोनेरी झाक असलेली. दुसरी सावलीच्या बाजूची, दोऱ्यासारखी बारीक आणि गर्द हिरवी. दोन्हींवर मी वेगवेगळी नावं घातली. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पानं शेजारी ठेवली तेव्हा कळलं, मॉस एकच.

ते पान कसं पाहायचं, ते सांगतो. फांदीचं टोक चिमट्यात धरा, दुसऱ्या चिमट्याने पानं खालच्या बाजूला ओढून काढा आणि काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा. पान जेमतेम दोन मिलिमीटरचं, विळ्यासारखं वाकलेलं. मधोमध पाहा. मध्यशीर नाही. फार तर बुडाशी दोन आखूड, पुसट रेघा दिसतील. मग बुडाच्या दोन कोपऱ्यांकडे या. उरलेल्या पानात पेशी लांबट आणि गांडुळासारख्या नागमोडी, पण कोपऱ्यात एकदम लहान चौकोनी पेशींचा पुंजका लागतो, जणू तेवढ्याच जागेत कुणी फरशी बसवली आहे. खोडावर असो की खडकावर, हा पुंजका सापडतोच. मला या मॉसमधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

डोंगरात भिंगानेही बरंच काम होतं. पानं फांदीवर एकमेकांवर चढलेली असतात आणि टोकं एकाच बाजूला खाली वळलेली, त्यामुळे फांदी घट्ट घातलेल्या वेणीसारखी दिसते. सुरूसारख्या दिसणाऱ्या सायप्रस झाडाच्या डहाळीवरून ‘क्युप्रेसिफॉर्मे’ हे नाव पडलं. वनस्पतिशास्त्रज्ञ हेडविगच्या ज्या ग्रंथापासून बहुतेक मॉसची अधिकृत नावं मोजतात, त्या 1801 सालच्या ग्रंथात हे नाव आहे.

रूपं बदलतात त्यामागे मॉसची घडण आहे. याला खरी मुळं नाहीत, पाणी पानांच्या पृष्ठभागावरूनच आत जातं. म्हणून ऊन, वारा, ओल यांचा परिणाम थेट अंगावर उमटतो. खोडावर लोंबणाऱ्या बारीक रूपाला फिलिफॉर्मे म्हणतात. चुनखडीवरच्या, उन्हातल्या फुगीर रूपाला लॅक्युनोसम. टोकं वर वळलेलं नाजूक रूप म्हणजे रेसुपिनाटम. यातल्या काहींना काही अभ्यासक स्वतंत्र जाती मानतात, तेव्हा तुमच्या जाणकाराशी दुसऱ्या कुणाचं मत जुळलं नाही तर गोंधळू नका.

मात्र डोंगरात वाकड्या पानांचं प्रत्येक मॉस हेच नसतं. सतत वाहत्या झऱ्याकाठी, विशेषतः चुनखडीच्या पाण्यात, पॅलुस्ट्रिएला कम्युटाटा भेटतं. त्याला ठळक मध्यशीर असते. उंचावर, थंड ओलसर जागी सॅनिओनिया उन्सिनाटा वारंवार समोर येतं. त्याची पानं चुणीदार असतात आणि त्यालाही एकच लांब शीर असते. हिप्नमला पाण्यात बुडून राहायला आवडत नाही, निचरा होणारी जागा लागते. त्यामुळे जागा पाहूनच अर्धी शंका मिटते. अगदी वर, कोरड्या चुनखडीच्या फटींत हिप्नम रिव्होल्युटम असू शकतं. त्याच्या पानाची कड खाली मुडपलेली असते.

पुन्हा गेलात तर चिमूटभरच तुकडा घ्या, कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर आधार लिहा: कोणता खडक की कोणतं झाड, उतार कुठल्या दिशेचा, ओल किती. बीजाणूंची कुपी असेल तर ती झाकणासकट जपा. क्युप्रेसिफॉर्मेच्या झाकणाला चोच असते. खोडांवर आढळणारं, अगदी याच्यासारखंच दिसणारं हिप्नम अँडॉय मात्र झाकणावरच्या छोट्या बोथट टोकावरून वेगळं काढता येतं.