वही कपाटात का ठेवलीत?

(कळव्याहून एका वडिलांचं पत्र: मुलगी बारावी सायन्सला. अकरावीत फिजिक्समध्ये 81, गणितात 58. मनालीला बर्फ पाहून आल्यापासून 'रडारवरून किती बर्फ पडला ते काढायला शिकणार' म्हणते. ठाण्यात कुठे बर्फ पडतो? कॉम्प्युटर इंजिनीअरिंगसाठी तिची समजूत कशी घालावी?)

नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. गुणांचं बघता येईल. मला घोर लागला तो तुम्ही ओघात लिहिलेल्या एका वाक्याचा: 'सीईटी होईपर्यंत तिची वही मी कपाटात कुलूपबंद केली आहे.' त्या वहीत काय आहे, तेही तुम्हीच सांगितलंत. गॅलरीत ठेवलेली कापलेली बाटली, तिला चिकटवलेली पट्टी, आणि पावसाळाभर रोज मोबाइलवर पाहिलेलं रडारचं चित्र. वेळ वाया घालवल्याचा पुरावा म्हणून एक नोंदही उतरवून पाठवलीत: 'रडारवर लाल, बाटलीत 4 मिमी. का?' (रडारच्या चित्रात लाल म्हणजे जोरदार पावसाची खूण.)

मुलीने पावसाळाभर न कंटाळता मोजमाप केलं, दोन आकडे जुळेनात म्हणून अडली, आणि तुम्ही वहीला कुलूप लावलंत. हे चुकलं. तिला इंजिनीअरिंग करायला लावाल कदाचित, पण पुढचा 'का' ती तुम्हाला दाखवणार नाही.

'रडार आपोआप मोजतं, त्यात शिकायचं काय?' हा तुमचा समज मात्र काढायलाच हवा. रडार पाऊस मोजत नाही. ते रेडिओ लहरी सोडतं आणि ढगातून परत आलेला प्रतिध्वनी टिपतं. त्यावरून पाऊस किती, हा हिशेब माणसांनी बसवलेला आहे. प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. 2 मिमीचा एक थेंब रडारला 1 मिमीच्या 64 थेंबांएवढा दिसतो, पाणी मात्र आठच थेंबांचं. बर्फात गुंता वाढतो. कोरड्या बर्फाचा प्रतिध्वनी तेवढ्याच पाण्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका. तोच कण वितळायला लागला की मोठ्या थेंबासारखा भासतो आणि आकडा फुगतो. शिवाय अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण 100 किमीवर पोचेपर्यंत जमिनीपासून सुमारे दीड किमी वर गेलेला असतो. त्याखाली काय झालं ते त्याला दिसत नाही. हिमालयात तर डोंगरच आड येतात, म्हणून कुफरी, मुक्तेश्वर, सुरकंडा देवी इथे हवामान खात्याने रडार उंचावर नेऊन बसवली आहेत.

आणि ठाण्यात बर्फ नाही म्हणता? भर पावसाळ्यात ठाण्यावरच्या उंच ढगांत साधारण पाच-साडेपाच किमीच्या वर बर्फ असतोच. तिचा विषय घरापासून तेवढाच लांब आहे.

वाटा सरळ आहेत: फिजिक्समध्ये बीएस्सी, जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, पुढे पीएचडीला पुण्याची आयआयटीएम ही हवामानशास्त्राची संस्था आहेच. इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरिंग केलं तरी रडारचं दार उघडं राहतं, त्यामुळे सीईटी तिने जरूर द्यावी. पण गणितात 58 चालणार नाहीत. हे तिला माझ्या नावाने सांगा; या विषयात गणिताशिवाय पाऊल पुढे पडत नाही.

वही आजच परत द्या. देताना गॅलरीत तिच्यासोबत उभे राहा आणि बाटलीवर वरच्या मजल्याचा छज्जा येतो का ते बघा. 4 मिमीचं एक कारण तिथेच असू शकतं. ते सांगू नका, तिला विचारा.