तत्त्वज्ञान शिकायचंय, पण खर्च झेपायला हवा: वाईच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची लेक बारावी कला शाखेतून पास झाली आहे, तिला तत्त्वज्ञान आणि वेगवेगळ्या धर्मांचा अभ्यास करायचा आहे, आणि घरातून वर्षाला साठ हजारांच्या वर काढणं शक्य नाही, असं तुम्ही लिहिलंय. एका खासगी विद्यापीठाच्या फीचा आकडा बघून तुमचा धीर सुटला. तो आकडा आधी डोक्यातून काढून टाका. मी स्वतः तालुक्याच्या गावातून याच विषयात बीए आणि मग पुण्यातून एमए केलं. पुढे बरीच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलंय. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

अनुदानित महाविद्यालयात बीएची फी काही हजारांतच असते. खरा पैसा जातो तो खोली, मेस आणि प्रवासावर. म्हणून 'स्वस्त कॉलेज कोणतं' असं विचारत फिरू नका. 'अनुदानित तुकडीत तत्त्वज्ञान आहे का, आणि ते शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहे का' हे विचारा. एकाच इमारतीत अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असतात आणि दोन्हींच्या फीत मोठं अंतर असतं. प्रवेश कोणत्या तुकडीत मिळतोय ते पावती फाडण्याआधी कार्यालयात स्पष्ट विचारा.

प्राध्यापकाबद्दल एवढ्या आग्रहाने सांगण्याचं कारण माझ्यावरच गुदरलं आहे. माझ्या पहिल्या कॉलेजच्या माहितीपत्रकात तत्त्वज्ञान होतं, पण सर निवृत्त झाले आणि जागा भरलीच गेली नाही. दुसऱ्या वर्षी राज्यशास्त्राचे एक सर येऊन गाईडमधल्या नोट्स उतरवून द्यायचे. जर्मन तत्त्वज्ञ कांटचं एक पानही न वाचता मी कांटवर सोळा गुणांचं उत्तर लिहिलं आणि चांगले गुण मिळाले. एमएला गेल्यावर पहिल्याच चर्चासत्रात कळलं की मला प्रश्न विचारताच येत नाही. ती दोन वर्षं भरून काढायला मला फार कष्ट पडले. तुमच्या मुलीवर ती वेळ येऊ नये.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आणखी एक गोष्ट बघावी लागते. काही ठिकाणी तत्त्वज्ञान फक्त मायनर म्हणजे दुय्यम किंवा खुला ऐच्छिक विषय म्हणून ठेवलंय. तिला ते मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत घेता येईल का, हे विभागातच विचारा. तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलींशी बोलू द्या तिला. आणि ग्रंथालयात जाऊन वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' मागा. तीन खंड आहेत, १९७४चे. पुस्तक घरी नेल्याच्या तारखा मारतात त्या मागच्या कागदावर शेवटचा शिक्का कधीचा आहे ते पाहा. त्या एका कागदावरून विभागात जीव आहे की नाही ते मला आजवर बरंच अचूक कळत आलंय.

पुणे तुम्हाला जवळ आहे. फर्ग्युसनमध्ये या विषयाची जुनी परंपरा आहे, तत्त्वज्ञ गुरुदेव रानडे तिथे शिकवत. पण नावाला भुलून जाऊ नका आणि नाव नाही म्हणून नाकारूही नका. अमळनेरसारख्या गावात १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं आणि कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ तिथे येऊन संचालक झाला. तुमच्या वाईतच प्राज्ञपाठशाळा आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथेच घडले. घराजवळ चांगला शिक्षक असलेलं अनुदानित कॉलेज सापडलं तर बीए तिथेच करू द्या. वाचलेला पैसा एमएसाठी ठेवा.

आता धर्मांच्या अभ्यासाबद्दल. वेदपाठशाळा, सेमिनरी, मदरसा इथे त्या त्या परंपरेच्या आतून शिकवतात. ते शिक्षण खोल असतं, मला त्याबद्दल आदर आहे. पण बौद्ध, जैन, ख्रिस्ती, इस्लाम, वारकरी हे सगळं शेजारी शेजारी ठेवून अभ्यासायचं असेल तर विद्यापीठाचा रस्ता धरावा लागतो. बीएच्या पातळीवर आपल्याकडे असा स्वतंत्र विभाग सहज सापडत नाही. म्हणून बीएला तत्त्वज्ञान आणि जोडीला एक भाषा घ्यावी, संस्कृत किंवा पाली. मूळ ग्रंथ भाषांतराविना उघडता आला की अभ्यासाचा सगळा नूर बदलतो. ती पुण्यात गेली तर विद्यापीठात पालीचा स्वतंत्र विभाग आहे, शिवाय भांडारकर संस्था आणि डेक्कन कॉलेजची ग्रंथालयं जवळ आहेत. पुण्याचा खर्च सोसायचा तर तो या गोष्टींसाठी.

एमएला मात्र तिला बाहेर पडू द्या. बनारस हिंदू विद्यापीठातल्या विभागाचं नावच 'दर्शन एवं धर्म' आहे. शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि तौलनिक धर्म एकत्र शिकवतात. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७पासून धर्माभ्यासाचा विभाग आहे. यांतली पहिली दोन केंद्रीय विद्यापीठं आहेत, फी तिथेही कमी. त्यांच्या प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट या पात्रता परीक्षेत 'तौलनिक धर्माभ्यास' हा तत्त्वज्ञानाहून वेगळा विषय आहे, हेही तिला आत्ताच माहीत असू द्या. काही अडचणीमुळे घर सोडता आलं नाही तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं घरबसल्या करायचं एमए तत्त्वज्ञान आहे, पण ती वाट एकटीने चालायची असते. बीएला तरी तिला जिवंत वर्ग मिळावा असं मला वाटतं.

नोकरीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. प्राध्यापकांच्या जागा कमी निघतात. यूपीएससीला तत्त्वज्ञान ऐच्छिक विषय आहे. संपादन, भाषांतर आणि कोशाच्या कामांत या विषयाची माणसं लागतात. सरळ सोट रस्ता नाही, हे तिला आधी सांगा आणि मगच तिचा निर्णय विचारा.

पैशांचं शेवटी. तुम्ही खुल्या प्रवर्गातल्या आहात असं लिहिलंय. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. कॉलेजात काम करून पैसे मिळवायची 'कमवा व शिका' योजना आहे का तेही विचारा. मी दोन वर्षं त्यातून ग्रंथालयात काम केलं, मेसचा बराच भार त्यातून उचलला गेला. या सगळ्याला उत्पन्नाचा दाखला लागतो आणि प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर झुंबड असते. तेव्हा कॉलेज ठरायची वाट न बघता तो याच आठवड्यात काढून ठेवा.