पुस्तकं मोजता येतात, मग ग्रंथालय अमर्याद कसं?

प्रश्न : अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस यांची ‘बाबेलचं ग्रंथालय’ ही कथा भाषांतरातून वाचली. अक्षरं जुळवून होतील तेवढी सगळी पुस्तकं तिथं आहेत, एकासारखं दुसरं नाही, असं कथा सांगणारा ग्रंथपाल म्हणतो. शेवटी मात्र तो ग्रंथालयाला अमर्याद म्हणतो. हिशेब चुकलाय का?

उत्तर : पुस्तकांचा हिशेब पक्का आहे. १९४१च्या या कथेत आकडेही दिलेत : ४१० पानं, पानावर ४० ओळी, ओळीत सुमारे ८० अक्षरं. म्हणजे पुस्तकात १३,१२,००० जागा. चिन्हं २५ : २२ अक्षरं, स्वल्पविराम, पूर्णविराम, कोरी जागा. एकूण पुस्तकं २५चा १३,१२,०००वा घात. साध्या कॅल्क्युलेटरवर हे थेट टाकलंत तर ‘एरर’ येईल. बहुतेकांची धाव १०च्या शंभराव्या घाताच्या आतच संपते. त्याऐवजी २५चा लॉग, म्हणजे १०चा कितवा घात केला की २५ येतात तो आकडा (१.३९७९४), १३,१२,०००ने गुणा. उत्तर १८,३४,०९७ आणि वर थोडा अपूर्णांक, म्हणजे संख्या १८,३४,०९८ अंकी. अफाट, पण अनंत नव्हे.

तुमची शंका खरी ठरते ती पुढे. ग्रंथालय एकसारख्या दालनांचं बनलंय; ती दालनं कुठंतरी संपतात हे ग्रंथपालाला पटत नाही, आणि पुस्तकांना मर्यादा आहे हेही तो जाणतो. म्हणून तो तोडगा काढतो : दालनं संपत नाहीत, पुस्तकं संपली की तोच क्रम पुन्हा सुरू होतो. मग ‘एकासारखं दुसरं नाही’ हे एका फेरीपुरतंच खरं उरतं. हा तोडगा तो आशा म्हणून मांडतो, सिद्ध करत नाही, हे निसटू देऊ नका.

मला विचाराल तर कथेची खरी धास्ती वेगळीच आहे. कुठलंही एक पुस्तक घ्या आणि त्यातलं एकच चिन्ह बदला. प्रत्येक जागी २४ पर्याय, म्हणजे ३,१४,८८,००० पुस्तकं. दालनात फळ्या असलेल्या ४ भिंती, भिंतीला ५ फळ्या, फळीवर ३२ पुस्तकं (एका इंग्रजी भाषांतरात ३५ आहेत, गोंधळू नका), एकूण ६४०. एका पुस्तकाच्या एकेका मुद्रणदोषालाच ४९,२०० दालनं! अस्सल प्रत हाती आली तरी ओळखणार कशावरून?

हाच खेळ देवनागरीत करून पाहायचा तर काना, वेलांटी, हलन्त सुटी चिन्हं धरावी लागतील. साठ चिन्हं धरली तर संख्या २३ लाख अंकांपुढे जाते, आणि ओळीच्या सुरुवातीलाच वेलांटी किंवा मात्रेवर मात्रा असली न वाचता येणारी पुस्तकंही त्यात येतात. ती वगळायची तर नुसता घात पुरत नाही. आधीचं चिन्ह पाहून पुढचे पर्याय मोजावे लागतात.