झाडाखाली लॉन टिकत नसेल तर मोंडो गवत

प्रश्न : मोठ्या झाडाखाली तीन वेळा हरळीची लॉन लावली, तिन्ही वेळा ती विरळ होऊन गेली. तिथे मोंडो गवत चालेल का? आठ महिन्यांपूर्वी थोडे लावून पाहिले, पण ते जागचे हलत नाही. खत वाढवू का? आणि बी टाकून रोपे करता येतील का?

उत्तर : हरळीला ऊन लागते, ते झाडाखाली मिळत नाही. चौथ्यांदा लावलीत तरी तेच होईल. मोंडो गवत मात्र अशाच जागेचे. नावात गवत असले तरी हे गवत नव्हे, शतावरीच्या कुळातली सदाहरित वनस्पती आहे. मूळची चीन-जपानकडची. साधी जात वीतभर वाढते, बुटकी त्याहून निम्मी.

आठ महिन्यांत पसरले नाही म्हणून खताचा मारा करू नका. पहिले वर्ष हे झाड जमिनीखालीच घालवते. वर पात तेवढीच दिसते, खाली मुळे जाड होत असतात. जमीन पूर्ण झाकायला दोन वर्षे सहज लागतात. वर्षातून एकदा चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत पातळ पसरले की पुरे.

तुमची खरी अडचण मला लागवडीच्या अंतरात दिसते. थोडी रोपे सगळ्या जागेवर फूट-फूटभर अंतराने लावली की मधल्या मोकळ्या जागेत तणच माजते. त्यापेक्षा निम्मीच जागा घ्या आणि ती १५ सेंटीमीटरवर दाट लावा. चौरस मीटरला साधारण ४४ रोपे बसतात. बुटक्या जातीला १० सेंटीमीटर अंतर ठेवा, म्हणजे १०० रोपे. उरलेल्या जागेची रोपे पुढे याच ठोंबांतून निघतील, विकत घ्यायची गरज नाही.

ठोंब फोडायचा तो भरलेला, दोनेक वर्षांचा. आदल्या संध्याकाळी पाणी द्या, सकाळी खुरप्याने सगळीकडून सैल करून उचला आणि माती धुऊन टाका. मुळांना शेंगदाण्याएवढ्या पांढरट गाठी दिसतील. रोग समजून त्या कापणारे बरेच भेटतात. तो रोग नाही, झाडाची शिदोरी आहे. पातीच्या बुडाशी दोन्ही हातांनी धरून अलगद ओढा, फुटवे आपोआप सुटतात. अडेल तिथेच धारदार चाकू लावा. प्रत्येक भागाला तीन-चार फुटवे आणि स्वतःची मुळे हवीत. पात निम्म्यावर छाटा आणि सावलीत ठेवून त्याच दिवशी लावा. बुडखा मातीच्या पातळीलाच राहू द्या, खोल गाडला तर कुजतो.

लावण्याआधी लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढा. हे काम कंटाळवाणे आहे, पण नंतर लव्हाळ्याची पात आणि मोंडोची पात एकमेकांत अशी मिसळते की निंदताना हात चुकतो. झाडाची जाड मुळे तोडू नका, त्यांच्या मधल्या जागेत खड्डे घ्या. खोडाला माती लावू नका. कडक उन्हाळा टाळून ढगाळ हवेत लागवड करा. पहिले दोन महिने ओल टिकवा, पुढे वरची माती सुकल्यावरच पाणी द्या.

पातीची फक्त टोके करपली असतील तर ऊन जास्त आहे, पाणी कमी पडते आहे किंवा पाणी खारे आहे. पण पात ओढल्यावर बुडातून सहज निघाली आणि कुजकट वास आला, तर पाणी साचते आहे. आधी निचरा करा, औषधाने ते थांबणार नाही. पातीच्या बुडाशी चिकटलेले ठिपके नखाने निघाले तर खवले कीड समजा. तेवढी पात कापून काढा आणि बाकीवर निंबोळी अर्क फवारा.

बियांचे म्हणाल तर निळसर फळे धरतात. गर धुऊन ताजे बी पेरले तर उगवतेही, पण त्यात महिने जातात. काळ्या पातीच्या जातीच्या बियांतून तर काही रोपे हिरवीच निघतात. हौस म्हणून एक कुंडी पेरा. जागा भरायची असेल तर ठोंबच फोडा.