फोटोचं बोलू काही : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोल्हापूरची, नोकरी करून शनिवार-रविवार फोटोग्राफीचा क्लास करते. आम्हाला प्रोजेक्ट होता, एक जागा निवडायची, सहा आठवडे तिथंच जायचं आणि शेवटी फक्त 8 फोटो दाखवायचे. मी आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी घेतली. मैत्रिणी लडाख, वाराणसीचे फोटो टाकतात आणि मी गिरणी, त्यामुळे आधीच जरा कसंतरी वाटत होतं. त्यात क्रिटिकच्या (सगळ्यांनी मिळून फोटोंवर बोलायच्या) दिवशी सगळे म्हणाले फोटो सुंदर आहेत पण हा एकच फोटो आठ वेळा आहे. सर म्हणाले, गिरणीवाला कुठंय? रडूच आलं. एवढी मेहनत वायाच गेली ना?

उत्तर : अगं वाया कुठली, सहा आठवड्यांत तुला मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे! तू पाठवलेले आठही फोटो मी बघितले. खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा आणि त्यात उडणारं पीठ, आठही वेळा तेच. आपल्या सगळ्यांचं असंच होतं, एक फोटो जमला की पाय आपोआप त्याच जागी जाऊन उभे राहतात. आणि तो उजेड खरंच भारी आहे, त्यामुळे तुझी चूक म्हणवत नाही, पण तो एकदाच पुरतो.

आता तू न काढलेलं काय काय आहे बघ. गिरणीवाला पीठ पडायला लागलं की चिमटीत धरून अंगठ्याने चोळून बघतो, जाड आलंय का बारीक, तो हात कुठंय? ओळीने ठेवलेले डबे, कुणाच्या झाकणाला चिठ्ठी, कुणाच्या झाकणावर ऑइलपेंटने आडनाव. ज्वारीवर गहू नको म्हणून भांडणारी काकू. लाइट गेल्यावर बाकड्यावर बसलेली माणसं. आणि दगडाला टाकी घालायचा (छिन्नीने ठोकून परत धार आणायचा) दिवस कधी असतो ते विचार आणि त्या दिवशी सुट्टी टाकून जा, वाटलं तर मी सांगितलंय म्हण. एक फोटो रस्त्यापलीकडून पूर्ण दुकानाचा, दोन-तीन मधल्या अंतरावरून, दोन एकदम जवळून, असं केलं की आठ फोटो आपोआप वेगळे बोलायला लागतात.

एक टेक्निकल गोष्ट, तुझे फोटो थोडे राखाडी आलेत, पीठ आहे की सिमेंट कळत नाही. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो, त्यामुळे पांढरं जास्त दिसलं की तो फोटो काळपट करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +1 वर ने आणि बघ. गिरणीच्या मशीनचा पट्टा फिरताना दिसायला हवा असेल तर शटर 1/15 सेकंदाच्या आसपास, कॅमेरा कशावर तरी टेकवून. आणि लेन्सवर पीठ बसलं तर आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मार, ओढणीने पुसू नकोस, काचेवर ओरखडे जातात.

लडाखचं म्हणशील तर होमाई व्यारावाला (जन्म 1913), भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या तेव्हा बरोबरच्या मुलींचेच फोटो काढायच्या. आज ते फोटो बघताना त्या मुली अशा समोर येतात की बास! गिरणी पुरेशी आहे. गल्लीतली गिरणी कधी बंद होईल सांगता येत नाही, घरोघरी घरघंटी आलीच आहे.

प्रश्न : क्लासमध्ये सगळ्यांकडे डीएसएलआर, माझ्याकडे मोबाईल. प्रोजेक्ट होईल का? (नाशिक)

उत्तर : होईल. फक्त मोबाईलची मुख्य लेन्स वाइड (खूप जागा एकदम घेणारी) असते, बहुतेक फोनमध्ये 24-26 एमएमच्या आसपास, म्हणून बोटाने झूम करू नकोस, दोन पावलं पुढं जा. आणि स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करायला शिक. बाकी कॅमेऱ्यासाठी आत्ताच लोन वगैरे काढू नकोस बाबा.

प्रश्न : आम्ही पाच मित्र दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमून फोटो बघतो. सर नाहीत. सगळे सगळ्यांना "मस्त" म्हणतात, पोहे खातो आणि घरी. एकदा एकाने खरं सांगितलं तर दुसरा दोन महिने आला नाही. क्रिटिक करायचं कसं? (नागपूर)

उत्तर : पहिला नियम, ज्याचा फोटो त्याने गप्प बसायचं. हा सगळ्यात अवघड आहे कारण आपल्याला फोटोआधी गोष्ट सांगायची असते, की मी पहाटे चारला उठलो, पाऊस होता, कुत्रं मागं लागलं, आणि मग बघणाऱ्याला फोटो न दिसता तुमचे कष्टच दिसतात. बाकीच्यांनी पहिली दोन मिनिटं फक्त काय दिसतंय ते बोलायचं, डावीकडे खांब आहे, बाईचा चेहरा अंधारात आहे, माझी नजर आधी बादलीकडे गेली. आवडला-नावडला बंद. असं बोललं की कुणाला लागत नाही, कारण बादलीकडे नजर गेली हे काही मत नाही, ते घडलेलं आहे.

माझंच सांगते. शिकत असताना मी पुण्यात मंडईतल्या एका आजींचा फोटो नेला होता, मेथीची गड्डी बांधतानाचे हात, सुतळी दातात धरलेली, मला वाटलेलं आता टाळ्या. एका मुलाने काही न बोलता प्रिंट उलटी केली, डोकं खाली पाय वर. आणि उलट्या प्रिंटमध्ये सगळ्यांना एकच गोष्ट दिसली, कोपऱ्यातली पांढरी प्लास्टिकची पिशवी. आजी गायब! महिनाभर तो फोटो माझ्या भिंतीवर होता आणि मला ती पिशवी दिसली नव्हती, कारण मला मेथीचा वासच येत होता हो. एक पाऊल डावीकडे सरकले असते तर पिशवी आजींच्या मागं गेली असती. त्या मुलाचा राग आला होता, पण अजूनही फोटो फायनल करताना मी तो उलटा करून बघते.

दुसरं, एकेक निवडक फोटो आणू नका, आधीचे-नंतरचे पण आणा. रोलच्या काळात 36 फ्रेम्सची काँटॅक्ट शीट (सगळ्या फ्रेम्स एकाच कागदावर छोट्या छापलेल्या) टेबलावर यायची आणि माणूस कुठं घाबरला, कुठं लवकर निघून गेला ते सगळं दिसायचं. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा 1936 चा कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरित आईचा फोटो तुम्ही बघितला असेलच, तोही एका झटक्यात आलेला नाही, तिने लांबून तंबूसकट फ्रेम्स घेतल्यात मग जवळ गेलीय. आणि गंमत म्हणजे त्यातही कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा आलाय, तो तिला इतका खुपला की नंतर निगेटिव्हवर रिटच करून पुसट केला. तो पुसायला नको होता असं तेव्हाही काहींचं मत होतं, माझंही तेच आहे. पुढच्या बैठकीत त्यावरच भांडा, कुणाचाच फोटो नसल्यामुळे कुणी रुसणार नाही.

आणि फोटो मोबाईलवर फिरवू नका, 4 बाय 6 च्या स्वस्तातल्या प्रिंट काढा, जमिनीवर मांडा, चपला बाहेर काढून भोवती फिरा. पोहे नंतर, तेलकट हात लागतात. जो दोन महिने आला नाही त्याला फोन करा, पहिली पाळी त्याची ठेवा, पण फोटो त्याने बघायचे, आणायचे तुम्ही.