दम लागलेला असताना ठरवायचं नाही

पोरा,

रात्री साडेअकराला केलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. पोलीस भरतीच्या १६०० मीटरला तिसऱ्या राऊंडला मैदानाबाहेर आलास आणि त्याच रात्री 'सर, भरती सोडली, पुण्याला कंपनीत जातो' असं लिहून मोकळा झालास. पुण्याला जा की. कात्रजला माझा जुना विद्यार्थी आहे, खोलीचं बघेल. माझं भांडण पुण्याशी नाही, साडेअकराशी आहे.

दम लागलेला असताना ठरवायचं नाही.

१६०० मीटर म्हणजे ४०० च्या ट्रॅकचे चार राऊंड. पहिला खुमखुमीवर निघतो, चौथा शेवट दिसतो म्हणून. माणूस मोडतो तो तिसऱ्यात. २० गुणांची धास्ती घेऊन तू पहिला राऊंड शंभर मीटरच्या शर्यतीसारखा काढला असणार, हे मला न बघता सांगता येतं. आधी पाय संपले, मन नंतर. आणि लिहितोस काय, तर 'माझ्यात जिद्दच नाही'. जिद्दीचा इथं काय संबंध?

मॅरेथॉनलाही हेच होतं. ४२.१९५ पैकी तीस-बत्तीस किलोमीटर झाले की ग्लायकोजेन, म्हणजे अंगात साठवलेली साखर, संपत येतं, आणि मेंदू तर साखरेवरच चालतो. मग तो सांगायला लागतो, कुणासाठी हे, घरी जा. आणि ते इतकं पटतं! दोन खजूर खा, घोटभर पाणी पी, थोडं चाल. तोच मेंदू विषय बदलतो. मी त्याचं ऐकत नाही. घरचे म्हणतात, गुडघा कुरकुरतो तरी ऐकत नाही. गुडघा माझा आहे. बदलीसोबत आलेलं प्रमोशन नाकारलं तेव्हाही लोक हसले. पण मी ते उन्हाळाभर विचार करून नाकारलं होतं. सोबतच्यांची पेन्शन कळली की अजून बोचतं. बोचू दे. रागाच्या भरात नाकारलं असतं तर जास्त बोचलं असतं.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेचं नाव तुला सगळेच सांगतात. मीही सांगणार, पण पदकासाठी नाही. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाचा किबिवोट ८:११.१५, हा ८:११.२०. अठ्ठावीस अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या मारून सोनं गेलं ते ०.०५ सेकंदानं. त्या रात्री त्याच्या मनात काय आलं ते तोच जाणे. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण घेतलं. आता 'तो साबळे आहे, मी कोण' हे मला ऐकवू नकोस. तुला ऑलिंपिकला कोण पाठवतंय? निकालाच्या रात्री स्वतःची किंमत ठरवू नको, एवढंच म्हणतोय.

आधी झोप काढ. पोटभर भाकरी खा. मग आठवडाभर घड्याळ घरी ठेवून, उन्हं तापायच्या आत, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं पळ. पांदीनं नको, पाऊस झाला की काळी माती बुटाला चिकटते. डांबरीच्या कडेनं जा. त्यानंतर हवं ते टायमिंग कागदावर लिही, चारानं भाग, आणि पहिला राऊंड त्याहून एक सेकंदही लवकर काढू नको. एवढं करूनही जावंसं वाटलं तर जा, मी अडवणार नाही.

रविवारी पाचला मी मुकुंदराजाच्या दरीकडं पळायला निघतो. ये. जुनेच बूट घाल. वाटेत भरतीचं काय ते बोलू, पण चढ लागेपर्यंतच.